कात्री घ्यायला वेळ असतो, परत ठेवायला नसतो

पाचवीला शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलं आहे: "पुण्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत माझा ४२ मुलांचा वर्ग आहे. रोज सात-आठ जणांकडे पेन्सिल किंवा पट्टी नसते. जूनमध्ये वर्गासाठी बारा कात्र्या आणल्या, ऑगस्टपर्यंत पाच उरल्या. ब्रश कडक झाले, स्केचपेनांची टोपणं गेली. मी पगारातून पुन्हा पुन्हा आणते. सहकारी म्हणतात, वर्गाबाहेर उभं करा म्हणजे आणतील. पालक म्हणतात, आम्ही दिलं होतं, शाळेत हरवलं. मुलांना साहित्याची जबाबदारी शिकवायची तरी कशी?"

बाई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकात एक गुंतले आहेत. कात्री, ब्रश, रंग या सगळ्यांच्या वस्तू. पेन्सिल, पट्टी, वही या एकेकट्या मुलाच्या. दोन्ही हरवतात, पण हरवण्याची कारणं वेगळी आहेत. मी २९ वर्षं पहिली ते सातवीला शिकवलं, आधी पेठेतल्या एका दोन सत्रांच्या शाळेत आणि नंतर हडपसरच्या बाजूला. त्यातली पहिली दहा वर्षं दोन्हींवर माझा उपाय एकच होता, रागावणं. त्यानं एकही कात्री परत आली नाही.

आधी सगळ्यांच्या वस्तूंचं बोलू, कारण ते लवकर सुधारतं.

येत्या कार्यानुभवाच्या तासाला फक्त घड्याळाकडे लक्ष ठेवा. साहित्य वाटायला किती मिनिटं गेली आणि परत गोळा करायला किती, एवढंच लिहून काढा. मी हे केलं तेव्हा वाटायला सहा मिनिटं गेली होती. गोळा करायला शून्य. घंटा झाली, मुलं डब्याकडे धावली, मी "अरे, कात्र्या ठेवा रे" असं ओरडत राहिले आणि पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले. माझं पाठ टाचण काढून बघितलं. त्यात प्रस्तावना होती, कृती होती, मूल्यमापन होतं. साहित्य परत ठेवणं कुठेच नव्हतं. म्हणजे ज्या कामाला मी एक मिनिटही दिलं नव्हतं, ते मुलांनी आपलं आपण करावं अशी माझी अपेक्षा होती.

तुमच्या सात कात्र्या बहुधा कुणी चोरलेल्या नाहीत. एखादी बाकाच्या खणात वह्यांमागे असेल, एक-दोन दप्तरांच्या तळाशी असतील, आणि एखादी घोटीव कागदाच्या कपट्यांत गुंडाळली जाऊन कचऱ्याच्या टोपलीतून केव्हाच निघून गेली असेल.

माझ्या वर्गाला यातून बाहेर काढलं ते एका पालकानं. ते भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये काम करायचे. पालकसभेत मी साहित्याबद्दल तक्रारीच्या सुरात बोलले, तेव्हा ते सभा संपल्यावर थांबले आणि म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं चारशे हत्यारं आहेत आणि तीन शिफ्ट आहेत. कुणी कुणावर ओरडत नाही. भिंतच सांगते काय गेलंय ते." मग त्यांनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं. भिंतीवर फळी असते आणि तिच्यावर प्रत्येक पान्ह्याची, प्रत्येक पक्कडीची बाह्यरेषा रंगवलेली असते. हत्यार जागेवर नसलं की नुसता आकार दिसतो, मोजायची गरजच पडत नाही. शिवाय प्रत्येक कामगाराकडे त्याच्या नंबरचे पितळी बिल्ले असतात. हत्यार घेताना बिल्ला तिथं लावायचा, हत्यार परत दिलं की बिल्ला परत मिळतो. शिफ्ट संपताना खुंटीवर बिल्ला दिसला की कुणाला विचारायचं ते सगळ्यांना कळतं.

पुढच्याच आठवड्यात आम्ही तशी फळी केली. सुताराकडून प्लायवूडचा तुकडा आणला, साधारण अडीच फूट बाय दीड फूट. बारा खिळे ठोकले, प्रत्येक खिळ्याला कात्री लावून मुलांनीच जाड काळ्या स्केचपेननं तिच्या कडेनं रेघ मारली आणि आत क्रमांक घातला. तोच क्रमांक कात्रीच्या मुठीवर तेलरंगानं. बिल्ले पुठ्ठ्याचे: गोल कापले, हजेरी क्रमांक लिहिला, वरून चिकटपट्टी, भोक पाडून सुतळी. दोन तासिकांत सगळं झालं. मुलांकडूनच करून घ्या. तुम्ही घरी रात्री जागून सुंदर फळी करून आणलीत तर ती बाईंची फळी राहील.

पण नुसत्या फळीनं काही होत नाही, हे आवर्जून सांगते. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी माझी फळी बघून स्वतःच्या वर्गात लावली आणि महिन्याभरात ती रिकामी झाली, कारण तिच्याकडे बघायची वेळ कुणी ठरवली नव्हती. माझ्या वर्गात तास संपायच्या पाच मिनिटं आधी मी पितळी घंटी एकदा वाजवायचे. हातातलं काम अर्धवट असलं तरी थांबायचं. आधी कपटे उचलायचे, मग ब्रश धुवायचे, मग कात्री खिळ्याला आणि बिल्ला गळ्यात. क्रम कधी बदलायचा नाही. फळी भरल्याशिवाय डब्याला सुट्टी नाही, पण ही शिक्षा म्हणून नाही, म्हणून तर पाच मिनिटं आधी घंटी. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं पुरली नाहीत, आठ लागली. गणपतीपर्यंत तीन मिनिटांत व्हायला लागलं. चाळीस मिनिटांच्या तासातली ही मिनिटं वाया जातात असं काही सहकाऱ्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. त्या तासात मुलानं कागदाचं फूल केलं काय आणि नाही केलं काय, ते चार दिवसांत चुरगळणार आहे. कात्री जागेवर ठेवायची सवय मात्र त्याच्याकडे राहते.

आणि "नीट ठेवा" या दोन शब्दांत मुलाला काहीही कळत नाही. नीट म्हणजे काय ते हातानं दाखवावं लागतं. ब्रश कडक का होतात? पोस्टर कलरमध्ये रंगाला धरून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ असतो. वरवर बुचकळून ठेवलेल्या ब्रशमध्ये तो केसांच्या मुळाशी राहतो आणि वाळला की गोटा होतो. म्हणून ब्रश तळहातावर गोल गोल फिरवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचा, बोटांनी टोक काढायचं आणि डब्यात केस वर करून उभा ठेवायचा. केस खाली करून ठेवला की ते वाकले ते वाकलेच. स्केचपेनचं टोपण "टक्" आवाज येईपर्यंत दाबायचं. फेव्हिकॉलचं तोंड ओल्या फडक्यानं पुसून मगच बंद करायचं. कात्री दुसऱ्याला देताना पाती आपल्या मुठीत, मूठ त्याच्याकडे. यातली प्रत्येक गोष्ट मी एका दिवशी एकच शिकवायचे, पाढे शिकवावेत तशी, आणि दुसऱ्या दिवशी एखाद्या मुलाला ती वर्गाला शिकवायला सांगायचे.

पेन्सिलीचंही तसंच. एक मुलगा दर दोन दिवसांनी नवी पेन्सिल आणायचा, आई वैतागलेली. तो सारखं टोक करतो, खेळतो, असं आम्ही धरून चाललो होतो. नीट बघितलं तर त्याची पेन्सिल बाकावरून घरंगळून सारखी फरशीवर पडत होती. पडली की आतलं शिसं ठिकठिकाणी तुटतं, बाहेरून काही दिसत नाही, पण टोक करायला घेतलं की तुकडा गळून येतो. मग पुन्हा टोक, पुन्हा तुकडा, दोन दिवसांत थोटूक. त्याला सांगितलं, पेन्सिल वापरत नसशील तेव्हा वहीच्या घडीत ठेव. प्रश्न संपला. त्याच्या निष्काळजीपणावर मी तोवर दोन वेळा भाषण दिलं होतं.

आता मुलाच्या स्वतःच्या वस्तूंकडे येते. इथं जरा थांबून बघावं लागतं.

पंधरा दिवस एक वही ठेवा. रोज कुणाकडे काय नव्हतं आणि त्यानं कारण काय सांगितलं, एवढंच. वर्गासमोर लिहू नका. अशी वही ठेवली तेव्हा मला वाटत होतं की सगळा वर्गच विसरभोळा आहे. प्रत्यक्षात बहुतेक नोंदी त्याच सहा मुलांच्या निघाल्या, आणि सहांची सहा कारणं निघाली.

एकाची बहीण सकाळच्या सत्रात होती, तो दुपारच्या. दोघांत कंपासपेटी एक. ती साडेबाराला शाळेच्या फाटकापाशी त्याच्या हातात पेटी द्यायची. ज्या दिवशी तिचा वर्ग उशिरा सुटायचा त्या दिवशी याच्याकडे पेन्सिल नसायची. हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं, कारण मी "का नाही आणली?" असं विचारायचे आणि त्या स्वरात विचारलं की मुलाला एकच उत्तर सुचतं, "विसरलो." दुसऱ्या मुलीची आई पहाटे कामाला बाहेर पडायची, वडील रात्रपाळीहून येऊन झोपलेले. धाकट्या भावाचं आवरून ती वेळेवर शाळेत यायची, हेच मोठं होतं. तिसरी आपल्या वस्तू वाटून टाकायची, म्हणजे मैत्रिणी मिळतील म्हणून. चौथा तो पेन्सिल पाडणारा. पाचवा खरोखरच सगळं विसरायचा, डबासुद्धा, चपलासुद्धा.

सहाव्याबद्दल सविस्तर सांगते. तो रोज "बाई, पेन्सिल नाही" म्हणायचा. मी दिली की पाच मिनिटांत टोक मोडायचा. पुन्हा दिली की ती हरवायची. भाषेच्या तासालाच हे व्हायचं, गणिताला नाही, चित्रकलेला तर कधीच नाही. हे वहीतल्या नोंदींवरून दिसलं, एरवी माझ्या लक्षात आलं नसतं. मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवून फळ्यावरचं वाक्य वाचायला सांगितलं. चौथीतल्या त्या मुलाला जोडाक्षरं अजिबात येत नव्हती. पेन्सिल नाही म्हणून उभं राहणं त्याला सोपं होतं. मला लिहिता येत नाही, हे सगळ्यांसमोर कळणं अवघड होतं. त्याला बाहेर उभं केलं असतं तर त्याला हवं तेच आम्ही दिलं असतं. आम्ही रोज वीस मिनिटं जोडाक्षरं घेतली. पेन्सिल "हरवणं" हळूहळू थांबलं. म्हणून तुम्हाला विनंती आहे, की एखाद्या मुलाची वस्तू ठरावीक तासालाच नसते का, हे जरूर बघा.

बाहेर उभं करण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: करू नका. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे, हे आपल्याला माहीत आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब चुकतो. पाच रुपयांच्या पेन्सिलीसाठी मुलाचा अपूर्णांकांचा चाळीस मिनिटांचा तास बुडतो, आणि बुडतो तो बहुधा त्याच मुलाचा, ज्याचा आधीच बराच बुडालेला आहे. पेन्सिल आहे की नाही यावर मुलाचं शिकणं अवलंबून राहू नये. ते पेन्सिलीविना बसलं असेल तर आधी पेन्सिल द्या, तास सुरू करा, बोलणं नंतर.

त्यासाठी माझ्या टेबलावर उसनवारीचा डबा असायचा. त्यात थोटकं. वर्गात सापडलेल्या बेवारस पेन्सिली, वरच्या वर्गांतून मागून आणलेली थोटकं, हातात धरता येत नसतील तर जुन्या बॉलपेनच्या नळीत घट्ट बसवलेली. प्रत्येकीला वर लाल चिकटपट्टीचं निशाण. हवी त्यानं न विचारता उठायचं, आपला बिल्ला डब्याच्या कडेला अडकवायचा, पेन्सिल घ्यायची आणि शाळा सुटताना परत करायची. मी काही बोलायचे नाही. आठवड्यातून तीनदा एखादा बिल्ला डब्यावर दिसला की मधल्या सुट्टीत त्या मुलाजवळ जाऊन विचारायचे, "सकाळी दप्तर कोण भरतं?" या प्रश्नाचं उत्तर "विसरलो" असं देता येत नाही, आणि त्यातून घर दिसायला लागतं.

दंडाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच, म्हणून सांगते. मीही एका वर्षी पेन्सिल नसली तर एक रुपया असा दंड ठेवला होता, जमलेल्या पैशांतून वर्गासाठी खडू आणायचे. महिन्याभरात एक मुलगा सकाळीच टेबलावर रुपया ठेवून म्हणाला, "बाई, आज नाहीये, हा घ्या." त्याच्या दृष्टीनं हिशेब चोख होता. नंतर हैफाच्या पाळणाघरांचा अभ्यास वाचला तेव्हा माझी चूक नेमकी कुठे होती ते कळलं. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा हा अभ्यास उरी ग्निझी आणि आल्डो रुस्टिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांत दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची, आता पैसे भरले की सुटलो. दंड बंद केला तरी उशिराचं प्रमाण पूर्वीवर आलं नाही. माझ्या वर्गातही त्या वर्षी "वस्तू आणणं हे आपलं काम आहे" ही भावना मी एका रुपयाला विकून टाकली होती आणि ती परत आणायला मला पूर्ण सत्र लागलं.

बक्षिसांबद्दलही सावध राहा. १९७३ साली अमेरिकेत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या, चित्र काढायची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. स्केचपेननं चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल असं ज्यांना आधी सांगितलं होतं, त्यांनी काही दिवसांनी मोकळ्या वेळात स्केचपेन कमी वेळ हातात घेतले. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांची आवड तशीच राहिली. रोज पेन्सिल आणणाऱ्याला चांदणी देणं यात मोठं पाप नाही. पण मार्चमध्ये चांदण्या संपल्यावर काय, याचं उत्तर तुमच्याकडे असावं.

मग हरवलं तर काहीच व्हायचं नाही का? व्हायचं. पण ते मुलानं करायचं, त्याच्या बापाच्या खिशानं नाही. कात्री हरवली तर "भरून दे" म्हणालं की घरी मार बसतो आणि दुसऱ्या दिवशी नवी कात्री येते. यात मुलाच्या हातून काय घडलं? माझ्या वर्गात ज्याचा बिल्ला फळीवर राहिला तो आणि त्याचे दोन मित्र शाळा सुटल्यावर दहा मिनिटं शोधायचे. नाही सापडली तर साठा वहीत, म्हणजे वर्गाच्या साहित्याची नोंद असते त्या वहीत, त्यानं स्वतः लिहायचं: कात्री क्रमांक ४, कधी, कशी गेली. आणि पुढच्या तासाला वर्गाला सांगायचं की आज अकरानं भागवायचं आहे. एवढं पुरतं. वर्गातल्या एका गटाला कात्रीची वाट बघावी लागते, हे त्याला दिसतं. माँटेसरी पद्धतीत प्रत्येक साधन मांडणीवर एकेकच ठेवतात, त्यामागे हेही एक कारण आहे, की दुसऱ्याच्या हातातली वस्तू जागेवर येईपर्यंत मूल थांबायला शिकतं. म्हणून हरवलेली कात्री लगेच आणू नका. तुम्ही पगारातून लगेच नवी आणता, तेव्हा हरवण्याचा मुलांना काही पत्ताच लागत नाही.

कुणी मुद्दाम घेतली असेल असा संशय आला तरी दप्तरांची झडती घेऊ नका. एकदा घेतली होती मी. सापडलं काही नाही, पण एका मुलीच्या दप्तरात फाटका, पिनांनी जोडलेला रेनकोट सगळ्यांनी पाहिला आणि ती दोन दिवस शाळेत आली नाही. त्यानंतर मी फक्त एक पेटी मागच्या खिडकीत ठेवायचे आणि सांगायचे, "कुणाच्या दप्तरात चुकून गेली असेल तर सुट्टीत यात टाका, कोण ते मी बघणार नाही." आणि खरोखर बघायचे नाही. बऱ्याच वेळा वस्तू येते. नाही आली तर गेली.

साठा वहीचा उल्लेख केला, ती म्हणजे शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरची (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीची) धाकटी बहीण. साधी शंभरपानी वही, डाव्या पानावर वस्तू आणि संख्या, उजव्या पानावर बदल. दर आठवड्याला दोन साहित्यप्रमुख, हजेरी क्रमांकानं, प्रत्येकाची पाळी येणारच. हुशार मुलालाच निवडायचा मोह टाळा. सगळ्यात विसरभोळ्या मुलाचा आठवडा मला नेहमी सगळ्यात जास्त आवडायचा, कारण दुसऱ्यांच्या वस्तू मोजताना त्याला आपली पेटी आठवायची. सोमवारी जुने दोघे नव्या दोघांना मोजून ताबा देतात आणि चौघांच्या सह्या होतात. पाचवीच्या मुलांना सही करायला किती आवडतं ते तुम्हाला माहीत आहे. याच वहीतून गणितही निघतं: आठवड्याला खडू किती लागतात, खडूची पेटी किती दिवस पुरेल, वर्गाला वर्षभर पेन्सिली लागल्या तर अप्पा बळवंत चौकात घाऊक आणून किती वाचतील. एकदा हा शेवटचा हिशेब मुलांनी केला आणि उत्तर बघून वर्ग काही क्षण गप्प झाला होता.

पालकांशी बोलताना "तुमचा मुलगा बेफिकीर आहे" या वाक्यानं सुरुवात केलीत तर सभा तिथंच संपते. मी दोन गोष्टी मागायचे. एक, दप्तर रात्री जेवणानंतर मुलानं भरायचं, वेळापत्रक समोर ठेवून. आईनं किंवा आजीनं शेजारी बसावं, हात लावू नये. सकाळच्या घाईत भरलेलं दप्तर हे आईचं दप्तर असतं. दुसरी, विसरलेली वही घेऊन स्कूटरवरून शाळेच्या फाटकाशी यायचं नाही. डबा, पाण्याची बाटली, चष्मा, औषध आणावं. वही, कंपास, चित्रकलेचं सामान नाही. त्याच्या बदल्यात मी त्यांना शब्द द्यायचे, की वही नसल्याबद्दल मी मुलाला बोलणार नाही, त्याला कागद देईन आणि तो घरी जाऊन वहीत उतरवेल. हा शब्द दिल्याशिवाय पालक ऐकत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे, आपण ओरडतो म्हणूनच ते धावत येतात. व्हॉट्सॲपवर "उद्या काय आणायचं आहे?" या प्रश्नालाही मी उत्तर देणं बंद केलं. पहिल्या पालकसभेतच सांगायचे, मुलाच्या रोजनिशीत लिहिलेलं आहे, त्याला विचारा. पहिले पंधरा दिवस कुरकुर झाली. मग मुलं फळ्यावरचं उतरवून घ्यायला लागली, कारण आता दुसरीकडे कुठे ते लिहिलेलं नव्हतं.

हे सगळं पाचवीसाठी झालं. पहिली-दुसरीला कंपासपेटी घरून मागूच नये, पेन्सिली-खोडरबर गटाच्या डब्यात वर्गातच ठेवावेत. तिसरी-चौथीत निम्मं निम्मं. सातवीच्या पुढे कर्कटक आणि गुण्यांचा प्रश्न येतो, तिथं वस्तूंवर नाव कोरणं एवढं पुरेसं असतं.

पुण्यात शाळा उघडते ती ऐन पावसाच्या तोंडावर, त्यामुळे पहिल्या महिन्यातलं अर्धं नुकसान पाण्याचं असतं आणि आपण ते मुलांच्या नावावर घालतो. वह्या दप्तरात प्लास्टिकच्या पिशवीत, खडू झाकणाच्या डब्यात, कार्डशीट भिंतीला टेकवून नाही, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. भिंतीला लागून असलेल्या खालच्या कप्प्यात ओल येते आणि मागोमाग वाळवी. हे शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यातच मुलांना घेऊन करा.

आणखी एक प्रथा मला फार प्रिय होती, तीही त्या भोसरीच्या पालकांमुळेच सुचली. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रं थांबवून पुसतात, तेल देतात, झेंडूची माळ घालतात. दसऱ्याच्या सुट्टीआधी आम्ही वर्गात साहित्याचा दिवस करायचो. वर्गात सगळ्या घरांची मुलं असतात, म्हणून पूजा नाही, फक्त सेवा. कात्रीची पाती जोडणाऱ्या खिळ्याला खोबरेल तेलाचा थेंब, पट्ट्या साबणानं धुणं, रंगपेट्या पुसणं, सुटलेली पुस्तकं खळीनं चिकटवणं, सुकलेली स्केचपेनं बाजूला काढणं. मुलं घरून जुनी फडकी आणायची. तारा मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी बोर्डी-कोसबाडला बिया, शंख, दगड, पानं अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंमधून शैक्षणिक साहित्य उभं केलं होतं. त्या दिवशी मी मुलांना त्याबद्दल सांगायचे आणि एका खोक्यात चिंचोके, शिंपले घालून तेही साठा वहीत चढवायचे. चिंचोके ६०, असं लिहिलेलं असलं की मुलं साठ चिंचोकेही मोजून परत ठेवतात.

तुमच्या टेबलाचा खणही एकदा उघडून बघा. हे टोचेल, पण मला एका चौथीतल्या मुलीनं शिकवलं म्हणून सांगते. ती माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, माझं लाल पेन तुमच्याकडं आहे, मागच्या गुरुवारपासून." खणात बघितलं तर मुलांची तीन पेनं, एक पट्टी आणि एक शार्पनर निघालं. मी सगळ्या वर्गासमोर माफी मागितली, ज्याचं त्याला दिलं, आणि त्या दिवसापासून माझाही एक बिल्ला केला. हजेरी क्रमांक शून्य. मुलाचं पेन घेतलं की मी तो त्याच्या बाकावर ठेवायचे.

किती दिवसांत फरक दिसेल? सगळ्यांच्या वस्तूंचं महिन्या-दीड महिन्यात बसतं. स्वतःच्या वस्तूंचं दिवाळीनंतर. दोन-तीन मुलं मार्चमध्येही उसनवारीच्या डब्याकडे येत राहतील. त्यांना येऊ द्या. त्यांतलं एक जरी मूल स्वतःहून पेन्सिल परत करत असेल तर त्याचं शिकणं चालू आहे.

आणि पगारातून आणणं या सत्रापुरतं थांबवा. पाच कात्र्या आहेत ना, पाच आकारांची फळी करा आणि सोमवारी साठा वहीच्या पहिल्या पानावर मुलांनाच "कात्र्या ५" असं लिहू द्या. उरलेल्या सात केव्हा आणायच्या, कुठून, कितीला, हे दिवाळीनंतर वर्ग ठरवील, आणि तो हिशेब घेऊन त्यांनाच मुख्याध्यापकांकडे पाठवा. माझ्या शेवटच्या वर्गातल्या दोघी तसा कागद घेऊन गेल्या होत्या. त्यावर लिहिलं होतं: "कात्र्या ११. क्रमांक ७ धार लावायला दिली आहे, गुरुवारी येईल. नवीन नको, फक्त धारेचे पैसे हवेत."